रिपोर्टच्या खालची दोन अक्षरं

या अंकाच्या संपादक मॅडम आमच्या सेंटरला पोटाची सोनोग्राफी करायला आल्या होत्या. बाटलीभर पाणी पिऊन, दाबून बसलेला माणूस दुसरं काय करणार, तर बोलत बसतो, तशा त्या माझ्याशी बोलत बसल्या. मी काय काम करते ते ऐकून म्हणाल्या, अगं मग लिही की आमच्यात, या कामाला येणाऱ्या नवीन पोरींना उपयोग होईल, चांगल्या सवयी कोणत्या, काळजी काय घ्यायची. मी म्हणलं मॅडम, माझं शिक्षण अकरावी, ती पण अर्धी, मला लिहिता येत नाही, मी फक्त टाइप करते. त्या म्हणाल्या, मग टाइप कर, जशी बोलतेस तशी. आता मी बोलते धापा टाकत, कारण सकाळी पोरीला बालवाडीत सोडायचं, तिथून पळत सेंटरला, दुपारी पळत तिला आणायचं, परत पळत सेंटरला, तर बोलायला जो श्वास मिळतो तो पळण्यातून उरलेला. वाचणाऱ्यांनी मधे मधे श्वास आपापला घ्यावा.

आधी काम सांगते, कारण आमच्या गल्लीत अजून सगळ्यांना वाटतं मी नर्स आहे. मी पण कधी खोडलं नाही, नर्सला भाजीवाला कोथिंबीर फुकट देतो.

डॉक्टर आतल्या खोलीत पेशंटच्या पोटाला ते गार जेल लावून यंत्र फिरवतात आणि फिरवता फिरवता समोरच्या माइकमध्ये बोलतात. लिव्हर असं आहे, किडनी अशी आहे, खडा इथं आहे. तो आवाज माझ्या हेडफोनमध्ये येतो. मी मागच्या खोलीत बसते, तिला आधी चहाची खोली म्हणत, आता टायपिंग डिपार्टमेंट म्हणतात, खिडकी तेव्हाही नव्हती. मी ऐकते, टाइप करते, प्रिंट काढते, डॉक्टर सही करतात, पेशंट रिपोर्ट घेऊन जातो आणि ज्यांनी त्याला पाठवलं त्या डॉक्टरला दाखवतो. सगळं इंग्रजीत. मला इंग्रजीत कुणी रस्ता विचारला तर मी रस्ता सोडून पळेन, पण स्वादुपिंडाचं शेपूट म्हणाल तर डोळे मिटून स्पेलिंगसकट. आमचे हे, म्हणजे गणेश, इथं नाशिकलाच अंबडच्या कंपनीत आहेत, कॉन्ट्रॅक्टवर. ते म्हणतात, तुझं इंग्रजी फक्त पोटातलं आहे.

आणि रिपोर्टच्या एकदम खाली, डॉक्टरांच्या मोठ्या सहीच्या, डिग्र्यांच्या आणि शिक्क्याच्या खाली, मुंगीएवढी दोन अक्षरं असतात. ज्याने टाइप केलं त्याची. माझी आहेत आर आणि जी. ती कुणी वाचत नाही. वाचतात ते फक्त काही चुकल्यावर. त्या दोन अक्षरांचीच ही सगळी गोष्ट आहे, पण आधी सवयी, नाहीतर मॅडम म्हणतील पोरगी भलतीकडेच गेली.

सवयी मला निकम काकांनी लावल्या. ते आमच्या सेंटरचे जुने टायपिस्ट. टाइपरायटरपासूनचे, त्यामुळे कीबोर्ड असा बडवायचे की बाहेरच्या पेशंटला वाटायचं आत काहीतरी फोडतायत. मी आले तेव्हा मला फक्त शिवणयंत्र चालवता येत होतं. त्यांनी माझ्या पायाखाली ते पेडल सरकवलं, ज्याने आवाज थांबतो, मागे जातो, पुढे जातो, आणि म्हणाले, "हे घे तुझं शिवणयंत्र. फक्त इथं धागा तुटला तर माणूस फाटतो." असं बोलून ते चहा प्यायला गेले. मी तेव्हापासून जी घाबरले ती घाबरलेलीच आहे.

काका सांगायचे, आधी पूर्ण ऐकायचं, मग बोटं उचलायची. कारण डॉक्टर पहिल्या वाक्यात डावी म्हणतात आणि शेवटच्या वाक्यात "नाही नाही, उजवी" म्हणतात आणि मधे आपण अर्धा कागद डावीकडे घालवलेला असतो. डाव्या उजव्यासाठी मी डाव्या हातात एकच लाल बांगडी घालते. डावी किडनी आली की बांगडीला हात लावून टाइप करते. गल्लीतल्या काकू म्हणतात, काय गं ही फॅशन. मी म्हणते, हो, मुंबईला चाललीय सध्या.

जुन्या पेशंटची फाइल उघडून त्याच्यावरच नवीन पेशंट टाइप करायचा नाही, हे काका रोज सांगायचे. वेळ वाचतो खरा, पण जुन्याचं काहीतरी मागे राहतं. पुरुषाच्या रिपोर्टात गर्भाशय कसं निघतं, तर असं निघतं. अशा एका पैलवानाची गोष्ट प्रत्येक सेंटरमध्ये सांगतात आणि प्रत्येकाला वाटतं तो आमच्याकडेच आला होता. तो म्हणे भांडायला आलाच नाही. खाली मान घालून हळूच विचारलं, घरी सांगायलाच पाहिजे का?

आणि आपण जे टाइप करतो ते आपल्याला झालंय असं समजायचं नाही. ही सवय लागायला वेळ लागतो. पहिल्या वर्षी मला सगळे आजार झाले. प्रोस्टेटसुद्धा.

गिऱ्हाइकं कशी कशी येतात तेही सांगते. एक दादा आले, बायको बाहेर बसलेली, पोट दिसत होतं. माझ्या खोलीच्या दारात उभे राहून खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, रिपोर्ट तुम्हीच टाइप करता ना? मग तुम्हाला तर माहीत असणार. नुसतं हसा. हसलात तर मुलगा समजतो." भिंतीवर हा एवढा मोठा बोर्ड लावलाय की हे विचारणं गुन्हा आहे, दादा त्याच बोर्डाला टेकून उभे होते. मी म्हणलं, "दादा, डॉक्टर मला फक्त ठोके सांगतात. ठोके मुलाचे वेगळे, मुलीचे वेगळे असं नसतं." ते गेले, पण जाताना म्हणाले, "हसल्या असत्या तर काय झालं असतं!" काय झालं असतं ते मला माहिती आहे, कारण माझी ओवी झाली तेव्हा कोण कोण हसलं नव्हतं ते मी बघितलंय.

आता सगळ्यात मोठी सवय. काका म्हणायचे, कळलं नाही तर जागा रिकामी सोड. पाच रेघा मार, बाजूला लाल शाईने टीप लिही आणि डॉक्टरकडे पाठव. ते भरतील. आपण भरायचं नाही. "रूपाली," ते म्हणायचे, "आपल्या धंद्यात हुशार माणूस धोक्याचा. तो अंदाज करतो. तू घाबरट आहेस, तुझं चांगलं होईल." इतकं कौतुक माझं माहेरीसुद्धा कुणी केलं नाही.

मग काका रिटायर झाले आणि ते आलं.

मॅडम त्याला सॉफ्टवेअर म्हणायच्या, डॉक्टर सिस्टीम म्हणायचे, मी 'ते' म्हणायचे, सासऱ्यांना म्हणतात तसं. या मॅडम म्हणजे आमच्या सेंटरच्या मॅनेजर, अपर्णा मॅडम. तर ते काय करायचं, की डॉक्टर आत बोलायला लागले की इकडे पडद्यावर आपोआप अक्षरं उमटायची. ना पेडल, ना हेडफोन, ना बालवाडी. मॅडम टाळ्या वाजवायच्या बाकी होत्या. मला म्हणाल्या, "तुझं काम किती सोपं झालं बघ. आता तू फक्त तपासायचं." मग जरा थांबून, गोड आवाजात, "दिवाळीपर्यंत बघू. मग ठरवू, तपासायला तरी माणूस लागतो का."

ते तसं हुशार होतं, खोटं कशाला बोलू. जे ऐकायचं ते सगळं लिहायचं. डॉक्टर बोलता बोलता घरी फोनवर म्हणाले की येताना मेथी आणतो, तर त्याने उजव्या मूत्रपिंडाच्या खाली मेथी लिहून ठेवली. स्पेलिंग बरोबर. मी काढली. पण ते कधीच रिकामी जागा सोडायचं नाही. खोकला आला, ट्रक गेला, पेशंट रडलं, काही होवो, त्याच्याकडे लिहायला काहीतरी असायचंच. घाबरायचंच नाही ते.

आणि डॉक्टरांना एक सवय होती, सगळ्याच डॉक्टरांना असते. जे बिघडलंय तेवढं सांगायचं आणि शेवटी म्हणायचं, "बाकी नॉर्मल." त्या 'बाकी नॉर्मल'चा एक तयार कागदच असतो. सगळे अवयव ओळीने, सगळे गुणी, जसं लग्नाला स्थळ दाखवताना सांगतात. त्यातलं जे बिघडलंय तेवढं आपण बदलायचं, बाकी तसंच ठेवायचं. ते पण तसंच करायचं. बाकी नॉर्मल ऐकलं की धाडकन सगळा गुणी कागद ओतायचं.

मी तपासायला बसले की माझ्या रेघा सुरू. मॅडमना त्या रेघा बघवायच्या नाहीत. "रूपाली, रिपोर्टात अशी भोकं बरी दिसत नाहीत गं. पेशंटला वाटेल डॉक्टरांना काही कळलंच नाही. त्या सिस्टीमचं बघ, एक भोक नाही."

मी म्हणलं, "मॅडम, त्याला माहीत नसतं की त्याला माहीत नाही."

"आणि तुला?"

"मला तेवढं एकच माहीत असतं."

त्या हसल्या नाहीत.

इकडे सायखेड्याहून सासूबाईंचा फोन. ही बातमी तिकडे कशी पोचली देव जाणे, बहुतेक आमच्या ह्यांच्यामार्गे. "काय गं, मशीन आलं म्हनं तुमच्यात? मंग आता तुझं काय काम हाय तिथं? दिवाळीला येशीन तशी राह्यच इकडं. पोरीला इथल्या शाळंत घालू. गणेश राहील खोली करून दोस्तांसंगं. इथं तुला काय कमी हाय?"

सायखेड्यात काहीच कमी नाही. गोदावरी आहे, मोकळी हवा आहे, सासूबाई आहेत. तिसऱ्यांमुळे पहिल्या दोन दिसत नाहीत, एवढंच. खरं सांगते, मला तिथं शेताची, शेणाची भीती नाही. मला भीती ही की तिथं गेले की मी परत ती अकरावी अर्धी सोडलेली होईन. इंदिरानगरच्या या एका खोलीत मी निदान पोटातलं इंग्रजी येणारी तरी आहे. ओवी बालवाडीत सांगते, माझी आई डॉक्टरांचं लिहिते. तिला कुठल्या तोंडाने सांगू की आता मशीन लिहितं, चल गाठोडं बांध. हे म्हणाले, "तू ठरव." म्हणजे ठरलेलं होतं. काम गेलं तर सायखेडा, राहिलं तर इंदिरानगर. मी रोज सकाळी कॉम्प्युटर चालू करताना त्याच्याकडे असं बघायचे जसं सवतीकडे बघतात.

तर अशात मालेगावची खाला, म्हणजे मावशी, आली. म्हणजे आधी एकदा आली होती, तेव्हा मी तिला बघितलंही नव्हतं, मला फक्त तिचं पोट आलं हेडफोनमध्ये. डॉक्टर म्हणाले, डाव्या किडनीत बारीक पाण्याची गाठ, घाबरण्यासारखं नाही, बाकी नॉर्मल. सिस्टीमने लगेच गुणी कागद ओतला. त्यात पित्ताशयाची ओळ होती, छान फुगलेलं, भिंत पातळ, आत खडा नाही. पण मालेगावच्या डॉक्टरची चिठ्ठी माझ्या समोर होती आणि त्यावर लिहिलं होतं, पित्ताशयाचं ऑपरेशन पूर्वी झालेलं. मला काही फार कळलं असं नाही. काढलं असेल, अर्धं काढलं असेल, काय असेल ते डॉक्टरांनाच माहीत. मी फक्त घाबरले. बांगडीला उगीचच हात लावला, पित्ताशय उजवीकडे असतं तरी. ती ओळ काढली, पाच रेघा मारल्या, लाल टीप लिहिली की सर हे बघून सांगा, आणि कागद सरांकडे जायला मॅडमच्या ट्रेमध्ये ठेवून ओवीला आणायला पळाले. परत आले तर रिपोर्ट गेलेला. मला वाटलं, सरांनी भरलं.

काही दिवसांनी ऐन गर्दीच्या वेळी बाहेरून आवाज आला, "किधर है वो लिखनेवाली?"

बाकावरच्या सगळ्या बायका वळून माझ्या खोलीकडे बघायला लागल्या. मी दारात आले आणि म्हणलं, मी आहे, आणि म्हणल्या म्हणल्या वाटलं कशाला म्हणलं. समोर काळ्या बुरख्यात एक म्हातारी, हातात आमच्या सेंटरचा लिफाफा, बाजूला तिची सून. माझा चेहरा बघून म्हातारीचा आवाज एकदम खाली आला.

"अगे, ये तो बच्ची है. बैठ बेटी. डर मत. मैं भी डरी हुई हूं. दोनों बैठके डरेंगे."

बसलो. तिने रिपोर्ट माझ्या मांडीवर ठेवला आणि आपल्या पोटावर, उजव्या बाजूला, हात ठेवला. "इधर से मेरा पित्ता निकाला. मेरे को बाटली में पत्थर दिखाए, इत्ते इत्ते. सारे मोहल्ले ने देखे. और तुम्हारा कागज बोलता है पित्ता एकदम तंदुरुस्त है, पत्थर भी नहीं. तो बता मेरे को, वो बाटली में किसके पत्थर थे?"

सून म्हणाली, "दीदी, मी बारावी शिकलेय, मीच वाचून दाखवलं आणि फसले. अम्मी रोज हेच विचारते. माझे मिस्टर ऑपरेशनवाल्या डॉक्टरकडे भांडायला निघाले होते, दोस्तांना घेऊन, कापडाचा लूम बंद ठेवून. आम्ही दारात आडव्या झालो. म्हणलं आधी नाशिकला विचारून येऊ."

बाकावरून एक बाई म्हणाली, "परत उगवलं असंल. लिव्हर उगवतं म्हने."

दुसरी म्हणाली, "लिव्हरचं वेगळं. आमच्या भावजयीचं काढलं, तिचं नाही उगवलं."

"तिनं पथ्य पाळलं नसंल."

मी रिपोर्ट बघितला. माझ्या पाच रेघा नव्हत्या. तिथं गुणी ओळ परत येऊन बसली होती, छान फुगलेली, पातळ भिंतीची. आणि खाली, शिक्क्याच्या खाली, आर जी.

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले, हातात हातमोजे, कपाळावर आठ्या. "काय चाललंय? हा कुणी टाइप केला?" अपर्णा मॅडम कुठून तरी आल्या, कागद घेतला आणि बोट सरळ खाली नेलं, सगळ्यात खाली. "सर, रूपालीची इनिशियल्स आहेत."

माझ्या डोळ्यासमोर सायखेड्याची एसटी उभी राहिली, गाठोड्यासकट. बोलले तर आवाज ओवीचा वाटला. "सर, मी जागा सोडली होती. रेघा मारल्या होत्या. तुम्हाला विचारायला."

डॉक्टर मॅडमकडे बघायला लागले. मॅडमचा चेहरा मी पहिल्यांदा तसा बघितला, माझ्यासारखाच, सुकलेला. "सर, सिस्टीमच्या मूळ कागदात ती ओळ भरलेली होती. मी फक्त तोच ओके केला. तुम्हाला घाई होती आणि तुम्हाला... भोकं चालत नाहीत."

"म्हणजे मशीनने लिहिलं," डॉक्टर म्हणाले, जरा हायसं वाटल्यासारखं.

खाला सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होती. "तो मशीन को बुलाओ," ती म्हणाली. "उससे बात करती हूं."

"अम्मा, मशीन बोलती नहीं," डॉक्टर म्हणाले. "जो सुनती है, वो लिखती है."

"समझती कुछ नहीं, हां-हां पूरा करती है?" खाला म्हणाली. "मेरे मियां ऐसेच थे. अल्ला बख्शे."

बाकावर एवढं हसू फुटलं की ज्यांनी पाणी दाबून धरलं होतं त्यांचे हाल झाले.

डॉक्टरांची एक गोष्ट मात्र सांगायला पाहिजे. त्यांनी तिला रांग मोडून आत नेलं, मला पण बोलावलं, परत जेल लावलं, परत यंत्र फिरवलं, आणि पडदा तिच्याकडे वळवून म्हणाले, "अम्मा, देखो. यहां पित्ता होता है. यहां नहीं है. निकाला हुआ है, सचमुच निकाला हुआ है. उन डॉक्टरने सही काम किया. गलती हमारे कागज की है."

खाला त्या काळ्या पडद्याकडे बघत रडायला लागली. "नहीं है ना? पक्का नहीं है?" आणि सुनेचा हात धरून, "फोन लगा उसको, बोल, नहीं है. लूम चालू कर." आपल्याजवळ काही नाही म्हणून इतका खूश झालेला माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघितला. आमच्याकडे काही नसलं की आम्ही हप्त्याने घेतो.

नवीन रिपोर्ट मी टाइप केला. डॉक्टरांनी एकेक अवयव नाव घेऊन सांगितला, 'बाकी' हा शब्दच काढला नाही. प्रिंट घेऊन खाला निघाली, मग थांबली, सगळ्यात खाली नख ठेवलं. "ये चींटी जैसा क्या है?"

"मेरा नाम है," मी म्हणलं.

"इत्ता छोटा नाम," ती म्हणाली, "और गाली पूरी तेरे को?"

रात्रभर मी ते वाक्य उलट सुलट करत होते. सकाळी केबिनमध्ये बोलावणं आलं. मी मनातल्या मनात भांडी, गादी, ओवीची सायकल, काय एसटीत बसेल आणि काय नाही, सगळं लावून गेले. आत डॉक्टर आणि मॅडम. मॅडम टेबलाकडे बघत होत्या. डॉक्टर म्हणाले, "सिस्टीम राहणार आहे. आता घेतलीय ती घेतलीय. पण खाली कुणाचं तरी नाव लागतं. काही झालं तर पेशंटला काय सांगायचं, मशीनला विचारा? त्यामुळे रूपाली, तू पण राहा."

म्हणजे बघा. मला वाटलं होतं माझ्या सवयींमुळे ठेवतील, किंवा निदान माझ्या पोटातल्या इंग्रजीमुळे. तर ठेवलं कशासाठी, तर बोट ठेवायला जागा पाहिजे म्हणून. इतकी वर्षं कानात बोळे घालून जे शिकले ते मशीनला येतं. जे मशीनला येत नाही ते म्हणजे बोलणी खाणं, आणि त्यात मी आधीपासूनच तयार.

आनंद झाला, खोटं नाही बोलणार. थँक्यू सर म्हणून निघायचं होतं, तर मधेच ते चींटीचं आठवलं आणि तोंडातून एका श्वासात निघालं, "सर माझी अक्षरं खाली राहणार असतील तर माझ्या रेघा पण वर राहतील आणि त्या तुम्हीच भरायच्या मॅडमनी नाही सिस्टीमनी नाही आणि भरल्याशिवाय सही करायची नाही आणि हे जमत नसेल तर माझी अक्षरं काढा आणि कुणाचीपण टाका." आणि उचकी लागली. धमकी देताना उचकी लागणारी बाई तुम्ही बघितली नसेल.

डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "दिवसातून किती असतील अशा रेघा?"

"जितक्या वेळा भीती वाटेल तितक्या."

"मग मला दुसरं काही काम करता येणार नाही."

पण मान हलवली. केबिनबाहेर आल्यावर मॅडम हळूच म्हणाल्या, "मला पण त्यांची भीती वाटते गं. तू निदान रेघा मारतेस." मला वाईट वाटलं. त्यांच्या कामात रेघा मारायची सोय नाही.

आता संध्याकाळ व्हायच्या आत डॉक्टर चहाचा कप घेऊन माझ्या बिनखिडकीच्या खोलीत येतात, स्टूल ओढतात आणि म्हणतात, "बोला, आज काय काय घाबरलात?" मी एकेक रेघ दाखवते, ते कुरकुर करत भरतात. कधी म्हणतात, यात काय न कळण्यासारखं आहे. कधी उठतात आणि परत पेशंटची चित्रं उघडून बघतात. तेवढ्यासाठी मी दिवसभर घाबरलेली असते. आणि ते, सिस्टीम, शेजारी शांत बसलेलं असतं, कशाची लाज नाही, कशाची भीती नाही. नवीन पोरींना सवय विचारलीत ना, अंकाच्या मॅडम, तर ही. भीती सोडू नका, तेवढीच आपली आहे.

केबिनमध्ये बोलावलं त्याच दिवशी संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. मी ओवीला वरणभात भरवत होते, फोन स्पीकरवर.

"मंग? काढलं का ठिवलं?"

"ठेवलं."

"आन मशीन?"

"ते पण ठेवलं."

"मंग तुला कशापायी? सगळं मशीनच करतंय ना?"

"मशीनला रागावता येत नाही, आई. काही चुकलं की बोलणी खायला माणूस लागतं. म्हणून मला ठेवलंय."

ओवीने घास तोंडात धरून फोनकडे बघितलं. मग सासूबाईंचा आवाज आला, जरा वेगळाच, जसा त्या सासू व्हायच्या आधीचा असावा.

"म्हंजी सुनंचंच काम हाय की," त्या म्हणाल्या. "मंग ऱ्हाय तिथंच. तिथं निदान पगार तरी मिळतो त्याचा."